रोरिकचे डोंगर इतके शांत कसे?

निकोलस रोरिकची हिमालयाची चित्रं आपण कुठे ना कुठे पाहिलेली असतात, निळेजांभळे डोंगर आणि खाली मुंगीएवढा एखादा घोडेस्वार नाहीतर लामा. हिमालयात राहिला म्हणून चित्रात अध्यात्म उतरलं असं सगळे म्हणतात, मला ते अर्धंच पटतं, कारण बरीचशी तयारी तो रशियातूनच करून आला होता.

जन्म १८७४ चा, सेंट पीटर्सबर्गचा. गुरू आर्खिप कुइंजी, म्हणजे चांदणं आणि उजेड रंगवण्यात बाप माणूस. शिवाय रोरिकला जुनी चर्चेस, देवादिकांची आयकॉन चित्रं, उत्खनन याचं प्रचंड वेड. पुढे तो ऑइल सोडून टेम्पराकडे (तेलाऐवजी पाण्यात मिसळणाऱ्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग) वळला, हा रंग सुकल्यावर चकाकत नाही त्यामुळे डोंगर अंगावर येत नाही, आतून उजळल्यासारखा वाटतो. आणि नाटकाचे सेट! १९१३ मध्ये पॅरिसला संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेवरून थिएटरात राडा झाला ना, त्याचे सेट आणि कपडे याचेच. एकामागे एक सपाट पडदे लावून खोलपणा दाखवायचा ही सवय त्याच्या हिमालयात सरळ दिसते, पुढची रांग गडद, मागची फिकी, सगळ्यात मागे बर्फ. बारीकसारीक काही नाहीच, झाडं नाहीत, दगडगोटे नाहीत, म्हणून नजर कुठे अडखळत नाही.

बायको हेलेना थिऑसॉफीवाली (सगळ्या धर्मांमागे एकच गूढ सत्य आहे असं मानणारी विचारधारा), दोघांनी मिळून अग्नियोग नावाचा पंथच काढला. १९२३ च्या डिसेंबरात कुटुंब मुंबईला उतरलं, तिथून सिक्कीम-दार्जिलिंग आणि कांचनगंगा. मग मध्य आशियाची लांबलचक मोहीम, त्यात १९२७-२८ च्या हिवाळ्यात तिबेटी अधिकाऱ्यांनी यांना पठारावर पाचेक महिने अडकवून ठेवलं, उन्हाळी तंबूत, सोबतची काही माणसं आणि बहुतेक जनावरं मेली. चित्रात मात्र यातलं काही येत नाही, तीच निळी शांतता! हे मला जरा खटकतं, खरं सांगायचं तर.

१९२८ पासून कुलूजवळ नग्गरला मुक्काम, तो १९४७ मध्ये वारेपर्यंत. नग्गरमधल्या काळात डोंगर थोडे रिपीट व्हायला लागतात, हजारोंनी चित्रं काढल्यावर होणारच ते. १९७९ मध्ये भारत सरकारने त्याची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा ठरवली, त्यामुळे इथली देशाबाहेर विकता येत नाहीत. बघायची तर नग्गरला त्याच्या घरीच आर्ट गॅलरी आहे, आणि तेवढं लांब जमत नसेल तर बंगळुरूची चित्रकला परिषद.