साताऱ्यातल्या बागा आणि विजेचं बिल, मागची गोष्ट

पालिकेने बागांचं लाइट बिल कमी करायचं म्हटलं की सगळे लगेच एलईडी आणि सोलरवर येतात. पण आपल्या साताऱ्यात ही गोष्ट दिव्यापासून नाही, पाण्यापासून सुरू होते.

प्रतापसिंह महाराजांच्या काळात (१८०८ ते १८३९) यवतेश्वरच्या डोंगरातलं पाणी खापरी नळांनी गावात यायचं, १८५३ ला नगरपालिका झाली, पुढे इंग्रजांच्या अमदानीत कास तलावाचं पाणी आधी उघड्या पाटाने आलं, मग पाइपने, आणि ते आजही उतारानेच खाली येतं, मोटर लावून चढवावं लागत नाही. गाव वाढलं तसं कास पुरेना, मग शहापूर योजनेतून उरमोडी नदीचं पाणी उपसून आणायला लागले आणि तिथून पाण्याला वीज चिकटली. बागेच्या लॉनवर असलं पाणी सोडलं की त्यातली वीज बागेच्या मीटरवर दिसत नाही, पण बिल पालिकेलाच येतं ना.

दिव्यांचं बघायचं तर कोयना धरण आपल्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. १९६० च्या दशकात तिथल्या पाण्यावरची वीज सुरू झाली. मग बल्ब गेले, ट्यूब आल्या, मर्क्युरी आले, आणि शेवटी पिवळे सोडियम. सोडियमचा दिवा लावला की आधी नुसता मंद गुलाबी, मग पाचेक मिनिटांनी पिवळाधमक, आणि मधेच लाइट गेली की तो गार होईपर्यंत परत पेटतच नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत, २००५ च्या आसपास, लाइट आल्यावरही बाग अंधारातच असायची, झोपाळ्यावरची पोरं वर खांबाकडे बघत बसायची, ते मला अजून आठवतं.

कायदा म्हणाल तर ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. पालिकांच्या दिव्यांत खरा फरक पडला तो जानेवारी २०१५ नंतर, केंद्राची एलईडी पथदिव्यांची योजना आली तेव्हा, त्यात ईईएसएल ही सरकारी कंपनी आधी स्वतः पैसे घालायची आणि पालिकेने वाचलेल्या बिलातून ते फेडायचे, त्यामुळे तिजोरीत पैसे नसलेल्या पालिकांनाही जमलं. नंतर २ ऑक्टोबर २०२० ला राज्याचं पर्यावरणासाठीचं माझी वसुंधरा अभियान सुरू झालं, त्यात पंचतत्त्वांपैकी भूमी म्हणजे झाडं-हिरवळ आणि अग्नी म्हणजे ऊर्जा, आणि बाग ही दोन्हीकडे बसणारी जागा.

पण माझं मत विचाराल तर दिवा बदलण्याइतकंच वेळेकडे बघायला हवं. जूनअखेर साताऱ्यात सूर्य मावळतो सव्वासातच्या सुमारास, नोव्हेंबरअखेर सहाच्या आतच. टायमर वर्षभर एकाच वेळेवर ठेवला की उन्हाळ्यात उजेडातच दिवे लागतात, दीडशे वॅटचे २० दिवे तासभर फुकट जळले की ३ युनिट, रोज. तारखेप्रमाणे वेळ आपोआप बदलणारे टायमर बाजारात मिळतात. खांबही बुटके पाहिजेत, उंच खांबाचा उजेड झाडाच्या शेंड्यावर पडतो आणि खाली वाटेवर आपण चाचपडत चालतो.

आणि तीन एचपीची मोटर तासभर चालली की अडीच युनिटच्या आसपास जातातच, म्हणून पाणी पहाटे द्यावं, ऊन चढायच्या आत. भर दुपारी दिलेलं पाणी जास्त उडून जातं.