केन्शिनच्या मरणावरून चाललेलं भांडण नेमकं कशाचं आहे (पार्श्वभूमी)

'रुरोनी केन्शिन', म्हणजे माणसं मारणं सोडून भटक्या झालेल्या एका तलवारबाजाचा मंगा (जपानी कॉमिक), त्याचं काहीही नवीन आलं, सिनेमा असो की सीरिज, की 'सेइसोहेन'वरचा जुना वाद परत उकरला जातोच. ज्यांना नाव आठवत नसेल त्यांच्यासाठी, इंग्रजीत जिला 'रिफ्लेक्शन' म्हणतात ती दोन भागांची ओव्हीए (टीव्हीऐवजी थेट व्हिडिओवर निघणारी अॅनिमे), पहिला भाग डिसेंबर २००१, दुसरा मार्च २००२. शेवट सांगितल्याशिवाय पुढे लिहिताच येणार नाही, त्यामुळे ज्यांनी बघितलेली नाही त्यांनी आधी बघून या.

नव्याने बघणाऱ्यांना वाटतं की भांडण एवढंच आहे, हिरोला का मारलं. पण सामुराई गोष्टीत हिरो मरतो याचं तिकडे कुणाला फारसं नवल नाही. सत्तेचाळीस रोनिनांची (धनी गमावलेल्या सामुराईंची) गोष्ट सेप्पुकूवरच, म्हणजे पोट चिरून घेण्यावरच संपते आणि लोक ते नाटक पावणेतीनशे वर्षं बघतायत. केन्शिन ज्याच्यावरून सुचला तो खरा माणूस, कावाकामी गेन्साई, त्याने १८६४ मध्ये क्योतोत भरदिवसा साकुमा शोझानला कापलं आणि पुढे मेइजी सरकार आल्यावर त्याच सरकारने त्याचं डोकं उडवलं. म्हणजे इतिहासाला धरून चाललं असतं तर आपल्या लाल केसांच्या भटक्याला मंगाच्या पहिल्या पानाआधीच जायला हवं होतं. असो, हे सगळं जुनं झालं, भांडणाचं खरं मूळ १९९८ ते २००३ या पाच वर्षांत आहे.

झालं असं की टीव्ही मालिका जानेवारी १९९६ ला सुरू झाली तेव्हा मंगा चालूच होता. क्योतोचं पर्व, शिशिओ या खलनायकाचं, ६२ व्या एपिसोडला संपलं, आणि तोवर मालिका मंगाच्या अगदी मागे येऊन ठेपली होती. पुढे दाखवायला गोष्टच शिल्लक नाही, मग स्वतःच रचलेली पर्वं घुसडली, कधी ख्रिस्ती बंडखोर तर कधी फेंगशुई, लोक कंटाळले, सप्टेंबर १९९८ मध्ये मालिका बंद. ९५ वा एपिसोड तर टीव्हीवर लागलाच नाही. मंगात त्या वेळी जिंच्यू पर्व जोरात होतं, म्हणजे केन्शिनच्या मेलेल्या पहिल्या बायकोचा, तोमोएचा, भाऊ एनिशी सूड घ्यायला येतो ते. मंगा १९९९ मध्ये २८ खंडांवर संपला. जिंच्यू त्या मालिकेत कधी आलंच नाही. माझ्या मते सगळ्या रडारडीचं बीज इथे आहे.

कारण केन्शिनच्या अपराधी भावनेचं उत्तर जिंच्यूत आहे. काओरू (जिच्या घरी तो राहतो आणि जी पुढे त्याची बायको होते) मेली असं समजून तो राकुनिनमुरात, सगळं गमावलेल्यांच्या त्या वस्तीत, तलवारीला साखळी गुंडाळून भिंतीला टेकून बसतो. मित्र येतात, समजावतात, शिव्या देतात, ढिम्म हलत नाही. मग ती एवढीशी घाबरट त्सुबामे पळत येऊन रडायला लागते की याहिको, काओरूचा शिष्य, एकटा लढतोय, मरेल तो, आणि तेव्हा हा उठतो. कुणी मदत मागितली तर आपण बसून राहू शकत नाही हेच आपलं प्रायश्चित्त, मरून नाही तर जगून, लोकांना वाचवत राहून फेडायचं, असा साधारण तो निष्कर्ष आहे. मंगाचा शेवट त्यावरच उभा आहे, लग्न झालंय, मुलगा केनजी मांडीवर आहे, साकाबातो (त्याची उलट्या धारेची तलवार) याहिकोला दिलेली आहे.

आता हे टीव्हीवाल्या प्रेक्षकाने बघितलेलंच नाही. त्याने काय बघितलं, तर क्योतो, मग भरती, मग १९९९ ची चार भागांची 'त्सुइओकुहेन', ज्यात पोरसवदा केन्शिन माणसं कापतो, तोमोएशी लग्न करतो आणि बर्फात चुकून तिलाच मारतो. ती ओव्हीए एवढी जबरदस्त आहे, एवढी शांत आणि एवढी निर्दय, की ती बघून उठल्यावर माणसाला टीव्हीवरच्या केन्शिनचं ते बावळट "ओरो?" आठवून कसंतरी होतं. आणि तिच्यानंतर थेट 'सेइसोहेन'. म्हणजे पाप दाखवलं, मरण दाखवलं, मधलं उत्तर गाळलं. एनिशीचं पर्व सेइसोहेनमध्ये आहे म्हणायला, पण आठवणींच्या ओघात थोडक्यात उरकलंय, राकुनिनमुराचं जे वजन आहे ते तिथे येत नाही.

जपानच्या बाहेर तर अजूनच गंमत. २००३ या एकाच वर्षात अमेरिकेत टीव्हीवर मालिका लागली ती क्योतोपर्यंत, त्याच वर्षी सेइसोहेनची डीव्हीडी आली आणि त्याच वर्षाच्या शेवटी इंग्रजी मंगाचा पहिला खंड. शेवटचा खंड यायला २००६ उजाडलं. म्हणजे इंग्रजीतून बघणाऱ्याला (आपण सगळे त्यातच आलो, हॉस्टेलच्या लॅनवर जी फाइल हाताला लागेल ती, क्रम वगैरे कोण बघतंय) हिरो मेलेला आधी दिसला आणि तो जगायला का तयार झाला हे तीन वर्षांनी वाचायला मिळालं. मग लोक चिडणार नाहीत तर काय.

पहिल्या चिडलेल्या प्रतिक्रियांचा सूर ठरलेला होता: हा आमचा केन्शिन नाही. आणि त्यांचा मुद्दा नुसता भावनेचा नव्हता हे मान्य करायला हवं. क्योतो पर्वात त्याचा गुरू हिको त्याला शेवटचं तंत्र शिकवतो तेव्हा अटच ती असते की जगायची इच्छा हवी, स्वतःच्या जिवाची किंमत कळल्याशिवाय आमाकाकेरू र्यू नो हिरामेकी जमत नाही. ते जमलेला माणूस पंधरा-सोळा वर्षांनी बायको-पोराला टाकून परत परत वाटेला लागतो, कारण सुखात बसलं की त्याला टोचतं. हे पटत नाही तर नाही. समोरच्या बाजूचं म्हणणं असं की शंभराच्या वर माणसं मारलेला माणूस लग्न झालं म्हणून बरा होत नाही, मंगा पोरांच्या साप्ताहिकात होता म्हणून गोड शेवट करावा लागला, खरा शेवट हाच. यात "खरा" कुठून आला ते मला अजून कळलेलं नाही, पण हा सूर त्सुइओकुहेनच्या चाहत्यांत आजही आहे.

एक गैरसमज मध्येच निस्तरतो. कुणीतरी बाहेरच्याने येऊन वाट लावली असं बोललं जातं, ते चूक. टीव्ही मालिकेचा दिग्दर्शक, त्सुइओकुहेनचा दिग्दर्शक आणि सेइसोहेनचा दिग्दर्शक एकच माणूस आहे, दोन्ही ओव्हीएंचा संगीतकारही एकच. म्हणजे पात्रं माहीत नव्हती असं म्हणताच येत नाही, माहीत असून हे केलंय.

बरं, आता त्या निर्णयाकडे येऊ ज्यावरून खरं रण पेटतं, आणि तो केन्शिनचा नाहीच, काओरूचा आहे. केन्शिन भटकंतीवरून आजार घेऊन येतो. बरा न होणारा, आणि लागट. तो तिला लांब ठेवायला बघतो, ती म्हणते तुझं दुखणं मलाही दे, अर्धं मी घेते. आणि ती रात्र ते एकत्र घालवतात. मग तो चीन-जपान युद्धाच्या वेळी, म्हणजे १८९४-९५ च्या सुमाराला, समुद्रापलीकडे जातो, तिकडे हरवतो, जुना मित्र सानोसुकेला सापडतो, सानो त्याला बोटीत घालून परत पाठवतो, आणि ही इकडे अंगावर डाग, खोकला, ताप घेऊन किनाऱ्यावर वाट बघत बसलेली.

आजार कुठला हे ओव्हीएत कुणी सांगतच नाही. त्यामुळे वीस वर्षं लोक डॉक्टरकी करतायत. एक गट म्हणतो क्षय, कारण त्या काळच्या जपानी गोष्टीत तरणाताठा तलवारबाज खोकून रक्त काढतो तो क्षयानेच, शोगुनच्या बाजूच्या शिनसेनगुमी तुकडीचा ओकिता सोजी १८६८ मध्ये असाच गेला, समोरच्या बाजूचा ताकासुगी शिनसाकू त्याच्या आदल्या वर्षी. पण क्षय लागायला ती रात्र कशाला हवी, एका घरात राहिलं तरी लागतो, मग दुसरा गट म्हणतो उपदंश, अंगावरच्या डागांकडे बोट दाखवतो. मग लगेच तिसरा उठतो, म्हणजे केन्शिनला तो कुठून लागला म्हणायचंय तुम्हाला? आणि चर्चा जिथे जायला नको तिथे जाते. बरं या घोळक्यात मेगुमी ही चांगली शिकलेली डॉक्टर आहे, क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्येच शोधलाय, म्हणजे १८९५ च्या आसपास "लागट आहे, जपा" हे सांगायला माणूस घरचाच होता. चौथा गट म्हणतो अरे बाबांनो आजार बिजार काही नाही, ती त्याची अपराधी भावना आहे, तीच तिने वाटून घेतलीये. मला हा चौथा अर्थ बराच जवळचा वाटतो, पण मग एवढे डाग आणि एवढा खोकला दाखवायचा कशाला, अर्थच दाखवायचा होता तर हात जरा आखडता घ्यायचा.

मराठी माणसाने हे बघितलं की एक वेगळीच घंटा वाजते. आपण माधवराव-रमाबाई वाचत वाढलो, १७७२, थेऊर, राजयक्ष्मा, आणि नंतरची ती चिता. शाळेत असताना त्यावर घळाघळा रडलेलो आहोत आणि मोठं झाल्यावर त्याच रडण्याची थोडी लाजही वाटलेली आहे. काओरूचं "मलाही दे" ऐकताना दोन्ही एकदम होतं. माझ्या ओळखीतल्या ज्या मुलींनी हे बघितलंय त्यातल्या बहुतेकींना राग केन्शिनच्या मरणाचा नाही, याचा आहे. आणि तो राग रास्त आहे, कारण ही काओरू कोण, तर कामिया काशिन-र्यूची शिक्षिका, "जीव वाचवणारी तलवार" शिकवणारी, स्वतःचा दोजो (तलवारबाजीचा आखाडा) एकटीने चालवणारी, मंगाच्या पहिल्याच भागात मध्यरात्री लाकडी तलवार घेऊन खुन्याच्या मागे लागलेली. तिच्या घराण्याचं तत्त्वच जगवणं हे आहे आणि तिला काम काय दिलं, तर वाट बघणं आणि झिजणं. आई आजारी, बाप बेपत्ता, आणि केनजी नावाचं पंधरा वर्षांचं चिडलेलं पोरगं बापासारखं व्हायचं नाही म्हणत बापाचीच विद्या शिकत बसलंय, त्याचा विचार त्या रात्री कुणी केला होता का? तो प्रश्न ओव्हीए विचारत नाही, प्रेक्षक विचारतात. याहिको त्याच्याशी लढून त्याला थोडं ताळ्यावर आणतो तो भाग चांगला आहे, पण तो उशिरा आणि तोकडा आहे.

सेइसोहेनची बाजू घेणाऱ्यांचं सगळ्यात मोठं शस्त्र म्हणजे शेवटची काही मिनिटं, आणि ती नाकारता येत नाहीत. फुललेल्या चेरीच्या झाडांखालून तो पाय ओढत येतो, ती कशीबशी समोरून येते, तो तिच्या अंगावर कोसळतो. ती त्याला केन्शिन म्हणत नाही, शिंता म्हणते, जन्माचं नाव. आणि गालाकडे बघते तर फुलीचा व्रण नाही. हे ज्याने त्सुइओकुहेन नीट बघितलंय त्याला जास्त लागतं, कारण तिथे सांगितलेलं असतं की सूडाच्या भावनेने केलेला वार भरत नाही, रक्त येत राहतं. एक रेघ तोमोएच्या होणाऱ्या नवऱ्याची, दुसरी खुद्द तोमोएची. दोन्ही पुसल्या गेल्या म्हणजे सुटला. दोन वेगवेगळ्या ओव्हीएंमध्ये तीन वर्षांचं अंतर ठेवून असा धागा बांधणं सोपं नाही, आणि संगीतही तिथे नेमकं गप्प होतं नि नेमकं सुरू होतं. सेइसोहेनला शिव्या घालणारे लोकसुद्धा इथे रडलेले असतात, फक्त सांगत नाहीत.

पुढच्या काळात भांडणाचा पोत बदलला. दोन्ही भाग जोडून एक सलग आवृत्ती निघाली, थोडी जादाची दृश्यं घालून, पण तिने कुणाचं मत बदललं असं दिसलं नाही. २०१२ पासून लाइव्ह अॅक्शन सिनेमे आले, आणि २०२१ मध्ये शेवटचे दोन नेटफ्लिक्सवरून जगभर गेले तेव्हा आपल्याकडेही एकदम नवीन प्रेक्षक तयार झाला, ज्याने जिंच्यू आधी बघितलं आणि सेइसोहेन नंतर. या मंडळींची प्रतिक्रिया बघण्यासारखी असते. ते चिडत नाहीत, नुसते गोंधळतात, की अरे हे तर मिटलं होतं ना सगळं?

दरम्यान २०१७ च्या सप्टेंबरात मंगा परत सुरू झाला, होक्काइदो पर्व, काळ १८८३, काओरूच्या मेलेल्या समजलेल्या वडिलांना शोधायला अख्खं कुटुंब निघतं. विरोधकांना आनंद झाला, बघा, बायको-पोराला घेऊन जातोय, टाकून नाही. दोनच महिन्यांत मंगाकारावर बाललैंगिक चित्रफिती बाळगल्याची केस झाली, दंड झाला, मालिका थांबली आणि जून २०१८ मध्ये परत सुरू झाली, ज्यावरून वेगळाच आणि जास्त गंभीर वाद झाला, व्हायलाच हवा होता. पण आपल्या विषयापुरतं सांगायचं तर "लेखकालाच तो शेवट पसंत नव्हता" हा जो विरोधकांचा हुकमी पत्ता होता त्याचं वजन बऱ्याच जणांच्या लेखी त्यानंतर उतरलं. लेखकाला काय आवडतं याच्याशी आम्हाला आता घेणंदेणं नाही असं म्हणणारे दोन्ही बाजूंना निघाले.

आणि होक्काइदोतला केन्शिनही काही धडधाकट नाही. मूळ मंगातच मेगुमीने सांगून ठेवलंय की त्या चणीच्या माणसाला हितेन मित्सुरुगी, म्हणजे त्याची तलवारीची विद्या, फार वर्षं झेपणार नाही, आता ते दिसायला लागलंय. झिजणं दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की मंगात तो झिजतो ते घरच्यांमध्ये राहून, ओव्हीएत लांब जाऊन.

२०२३ ला टीव्ही मालिका नव्याने, पहिल्यापासून सुरू झाली, ऑक्टोबर २०२४ पासून क्योतो पर्व. ती याच वाटेने जिंच्यूपर्यंत नीट गेली तर सेइसोहेनचे निम्मे विरोधक गप्प बसतील असा माझा अंदाज आहे, कारण त्यांचं दुखणं गाळलेल्या उत्तराचं आहे. उरलेले निम्मे काओरूसाठी भांडत राहतील, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.