घरी-बाहेर दोन्ही नाही खेळले म्हणून रग्बी लीग खोटी? तसं नाही ओ

युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप (URC) या रग्बीच्या लीगबद्दल लई दिवस एक फॉरवर्ड मेसेज फिरतोय, की प्रत्येक टीम प्रत्येकाशी दोनदा खेळत नसेल तर ती लीग म्हणजे सेटिंग. क्रिकेट-फुटबॉल बघणाऱ्याला असं वाटणं साहजिक आहे, पार्क स्टेडियमसमोर चहा पिताना मीपण हेच बोललोय.

आता हिशोब बगा. आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, इटली आणि दक्षिण आफ्रिका मिळून 16 टीमची लीग आहे, दोनदा खेळायचं म्हटलं तर एकेकाला 30 मॅच, आणि रग्बीत अंग इतकं ठेचतं की मध्ये आठवडाभर तरी लागतोच, वर देशाच्या मॅच, युरोपचे कप वेगळेच, मग वर्ष पुरणार कुठून? म्हणून 4-4 टीमचे गट केलेत. गटातल्या 3 जणांशी घरी-बाहेर म्हणजे 6, उरलेल्या 12 जणांशी एकेकदा, झाल्या 18. त्यातल्या 9 घरी, 9 बाहेर. मग वरच्या 8 नॉकआउटला.

खात्री करायचीय तर कुठल्याही एका टीमचं टाइमटेबल काढा आणि नावं मोजा, 3 नावं दोनदा येतील, बाकी 12 एकदाच.

हां, तगडा गट मिळाला तर त्रास जास्त, ते मात्र खरंय. पण गट कोणते ते सीझनआधीच सगळ्यांना माहीत असतं की.