चामखिळीच्या बाटलीतले दुसरे अ‍ॅसिड : एका निर्णयाची पार्श्वभूमी

चामखीळ किंवा कुरूप घालवायला मेडिकलमध्ये जी छोटी बाटली मिळते, तिच्यावर बहुधा एकसारखे दोन आकडे असतात : सॅलिसिलिक अ‍ॅसिड 16.7 टक्के आणि लॅक्टिक अ‍ॅसिड 16.7 टक्के. दोन्ही कोलोडियनमध्ये, म्हणजे सुकल्यावर पापुद्रा धरणाऱ्या चिकट द्रावणात, विरघळवलेली. लावल्यावर पातळ भाग उडून जातो आणि कातडीवर एक पापुद्रा उरतो. औषध त्याच्याखाली दबून राहते आणि निबर थर भिजून पांढरा पडतो. अमेरिकेत याच कामासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या बाटलीत मात्र औषध म्हणून एकटे सॅलिसिलिक अ‍ॅसिड असते. दुसरे अ‍ॅसिड तिथल्या यादीत का नाही, हे पाहण्यासारखे आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. सॅलिसिलिक अ‍ॅसिड 1838 मध्ये पॅरिसमध्ये वेगळे करण्यात आले. 1874 पासून ते ड्रेस्डेनजवळच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि स्वस्त झाले. संधिवाताच्या तापात ते पोटातून देत. पोटात आग व्हायची, कानात घूं घूं आवाज यायचा. 1899 मध्ये अ‍ॅस्पिरिन बाजारात आली आणि पोटात घेण्यापुरती या अ‍ॅसिडची सुट्टी झाली. कातडीचे काम त्याच्याकडेच राहिले. गजकर्णावरचे 6 टक्के बेंझोइक आणि 3 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे मलम हे त्यातलेच.

लॅक्टिक अ‍ॅसिड 1780 मध्ये आंबलेल्या दुधातून मिळाले. 1932 मध्ये त्याचा क्षार सलाइनमध्ये घातला गेला. दवाखान्यातल्या ‘आरएल’च्या (रिंगर लॅक्टेटच्या) बाटलीचा उगम तिथे आहे. त्यातल्या लॅक्टेटपासून यकृत बायकार्बोनेट तयार करते, त्यामुळे रक्तातली आम्लता कमी होते. कातडीसाठी त्याची गंभीर दखल मात्र उशिरा घेतली गेली. अंगावर माशासारखे खवले धरणाऱ्या आजारात लॅक्टिक आणि त्याच्या जातीची अ‍ॅसिडे उपयोगी पडतात, असे 1974 मध्ये प्रसिद्ध झाले. कोरड्या त्वचेसाठीचे 12 टक्क्यांचे लोशन त्यानंतरचे.

चामखिळीच्या बाबतीत खरा आधार 1976 च्या ब्रिटनमधल्या चाचण्यांचा. हातावरच्या चामखिळींना 12 आठवडे उपचार करून पाहिले. दोन्ही अ‍ॅसिडांच्या लेपाने 67 टक्के रुग्ण बरे झाले, द्रव नायट्रोजनने गोठवून 69 टक्के आणि दोन्ही उपाय मिळून 78 टक्के. घरी लावायच्या स्वस्त लेपाने दवाखान्यातल्या यंत्राची बरोबरी करावी, ही फार मोठी गोष्ट होती. पण लेप तपासला गेला तो अखंड. त्यात कोणत्या अ‍ॅसिडचे श्रेय किती, हे त्या आकड्यांतून निघत नाही.

नेमकी इथेच अमेरिकन नियामकांनी बोट ठेवले. तिथल्या नियमानुसार, चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधात दोन द्रव्ये असतील तर प्रत्येकाने गुणात स्वतःची भर घातली पाहिजे. 1990 च्या अंतिम नियमात चामखिळीसाठी एकटे सॅलिसिलिक अ‍ॅसिड उरले : कोलोडियनसारख्या लेपात 5 ते 17 टक्के, चिकटपट्टीत 12 ते 40 टक्के. लॅक्टिक अ‍ॅसिडला जागा मिळाली नाही. युरोपात आणि भारतात जोडी कायम राहिली.

हा निर्णय कागदावर चोख आहे, आणि तत्त्वही योग्य आहे. भारतात कातडीच्या मलमांत तीन-तीन, चार-चार औषधे एकत्र कोंबून जो गोंधळ झाला, तो पाहता असा नियम आपल्याकडे लवकर हवा होता. तरीही या एका बाबतीत तराजू थोडा वाकडा धरला गेला, असे वाटते. जो लेप चाचणीत टिकला तो जोडीचा होता. मान्यता मिळाली ती त्यातल्या एकट्याला. शिवाय पुढच्या मोठ्या चाचण्यांनी हा प्रश्न सोडवलाच नाही. 2010 च्या डच चाचणीत 40 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड वापरले, 2011 च्या ब्रिटिश चाचणीत 50 टक्के. लॅक्टिक अ‍ॅसिड दोन्हींत नव्हते. डच चाचणीत साध्या चामखिळी 13 आठवड्यांत गोठवून 49 टक्के रुग्णांच्या गेल्या, सॅलिसिलिकने 15 टक्के, नुसते थांबून 8 टक्के. ब्रिटिश चाचणीत तळपायाच्या चामखिळी दोन्ही उपायांनी सारख्याच, 14 टक्के रुग्णांच्या गेल्या. 1976 च्या तुलनेत हे आकडे फारच खाली आले आहेत. पण औषधाची तीव्रता, ते ज्यात मिसळले तो लेप किंवा मलम आणि रुग्ण सगळेच वेगळे, त्यामुळे त्यावरून लॅक्टिक अ‍ॅसिडची बाजू घेता येत नाही आणि त्याला मोडीतही काढता येत नाही.

त्याच नियमातला एक भाग मात्र निर्विवाद चांगला होता, आणि त्याची चर्चा कमी झाली. मधुमेह असेल किंवा पायाचे रक्ताभिसरण मंद असेल तर हे औषध वापरू नये, असे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. चेहरा, गुप्तांग, तीळ, जन्मखूण यांवरही मनाई. लहान मुलांच्या अंगभर सॅलिसिलिक मलम चोपडले तर ते रक्तात उतरते. कानात आवाज, उलट्या, धाप ही त्याची लक्षणे.

आपल्याकडे कुरुपावर चिकटवायची कॉर्न कॅप कुणीही विकत घेतो. मऊ गोल चकती, मध्ये 40 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा ठिपका. गावाकडे याच कुरुपाला बिब्बा लावतात, आणि त्याने कातडी भाजते ती वेगळीच. मधुमेहाने सुन्न झालेल्या पायाला यातले काहीच झोंबत नाही. चकती सरकून शेजारची चांगली कातडी भिजते, सोलते आणि खाली जखम झाल्याचे मोज्यावरचा डाग दिसेपर्यंत कळत नाही. अशा पायाचे कुरूप डॉक्टर ब्लेडने तासतात आणि चपलेचा दाब कुठे पडतो ते पाहून तळ बदलायला सांगतात.