लहान संस्थांनी निधी कसा उभा करावा : आमच्या ग्राहक संस्थांसाठी माहितीपत्रक

सांगली, मिरज, तासगाव, विटा आणि पलीकडे कराड-साताऱ्यापर्यंतच्या ज्या लहान संस्थांचे हिशेब आमच्या कार्यालयात लिहिले जातात, त्यांत गावची वाचनालये आहेत, विशेष मुलांच्या शाळा आहेत, रुग्णसाहित्य केंद्रे आणि वृद्धाश्रम आहेत. कामे निरनिराळी असली तरी अडचण बहुधा एकच असते. जानेवारी उलटला की मानधन, भाडे आणि वीजबिल यांची तोंडमिळवणी होत नाही आणि विश्वस्त एखाद्या मोठ्या देणगीदाराच्या शोधात फिरू लागतात. आमचे मत असे आहे की, वर्षाचा खर्च काही लाखांत असलेल्या संस्थेने आधी परिसरातली दोनशे माणसे दरवर्षी देत राहतील अशी व्यवस्था लावावी आणि मोठ्या देणगीचा विचार त्यानंतर करावा. दोनशे जणांनी दरमहा शंभर रुपये दिले तर वर्षाला २ लाख ४० हजार रुपये होतात. त्यांतले दहा जण थांबले तरी संस्था थांबत नाही. एकमेव मोठा देणगीदार थांबला तर मात्र थांबते.

आपल्या भागाला ही रीत नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे मुख्य ठाणे साताऱ्यास आणले. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाला त्या काळी मुष्टिफंडाचा, म्हणजे घरोघरी रोज बाजूला काढलेल्या मूठभर धान्याचा मोठा आधार होता. देणारी घरे श्रीमंत नव्हती. पण ती पुष्कळ होती आणि वर्षानुवर्षे देत होती.

कोणाकडे आणि केव्हा जावे

देणगी मागण्याची वेळ संस्थेच्या गरजेवरून ठरवली जाते, हे आम्हाला वारंवार दिसते. ती देणाऱ्याच्या हातात पैसा केव्हा येतो यावरून ठरवावी. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराकडे पावसाळ्यात, फवारणीचा खर्च चालू असताना जाण्यात अर्थ नाही. माल गेल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जावे, आणि बेदाणा करणाऱ्यांचे सौदे होईपर्यंत आणखी थांबावे. ऊस उत्पादकाकडे बिल खात्यावर जमा झाल्यानंतर जावे. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या व्यापाऱ्याला भर हंगामात तुमचे म्हणणे ऐकायलाही सवड नसते, मात्र दिवाळीच्या वहीपूजनाच्या सुमारास तो स्वतःहून देतो. नोकरदार वर्ग फेब्रुवारी-मार्चमध्ये करबचतीच्या विचारात असतो, तर निवृत्त शिक्षक आणि माजी सैनिक यांना निवृत्तिवेतन दरमहा ठरलेल्या वेळी मिळत असल्याने छोट्या मासिक देणगीसाठी त्यांच्याइतका भरवशाचा वर्ग दुसरा नाही. मासिक देणगीसाठी बँकेत स्थायी सूचना, म्हणजे ठरलेली रक्कम दरमहा आपोआप वळती करण्याची सूचना, किंवा यूपीआयची स्वयंचलित वर्गणी करून घ्यावी. दरमहा आठवण करण्याचा संकोच त्यामुळे दोन्ही बाजूंनी टळतो.

बाहेरगावी गेलेल्या आपल्या माणसांना बहुतेक संस्था विसरतात. खानापूर-आटपाडी भागातील गलाई बांधव सोन्या-चांदीच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरलेले आहेत, आणि पाटण, जावळी, कोरेगावची कितीतरी घरे मुंबईतील माथाडी कामावर उभी राहिली आहेत. ही मंडळी गावच्या यात्रेला आवर्जून येतात. यात्रेच्या गर्दीत व्यासपीठावरून आवाहन करण्यापेक्षा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना संस्थेत चहाला बोलवावे, काम प्रत्यक्ष दाखवावे आणि त्यांचे पत्ते व मोबाईल क्रमांक नोंदवून घ्यावेत. पैसे त्याच दिवशी मागितले नाहीत तरी चालेल.

मागणी कशी लिहावी

आमच्याकडे छपाईपूर्वी तपासायला येणाऱ्या बहुतेक आवाहनपत्रांत एक वाक्य ठरलेले असते : ‘आमच्या समाजोपयोगी कार्यास सढळ हस्ते मदत करावी, ही नम्र विनंती.’ या वाक्यातून किती रुपये हवेत, कशासाठी हवेत आणि ते दिल्याने काय होईल, यांपैकी काहीच कळत नाही. त्याऐवजी रुग्णसाहित्य केंद्राने असे लिहावे : ‘आमच्याकडे रुग्णांचे चार पलंग आहेत आणि चारही सध्या गावातल्या घरी दिलेले आहेत. प्रतीक्षा यादीत सहा नावे आहेत. दोन पलंग घ्यायचे आहेत. दुकानदाराचे दरपत्रक सोबत जोडले आहे. एका पलंगाचा चौथा हिस्सा आपण उचलावा.’ आकडे अर्थातच ज्याचे त्याने खरे घालावेत. दरपत्रक जोडण्यावर आमचा भर असण्याचे कारण असे की, आपल्याकडचा देणारा माणूस बहुधा स्वतः व्यवहारातला असतो आणि किंमत पाहिल्यावर त्याला आपला वाटा ठरवणे सोपे जाते.

वस्तुरूप मदतीबाबतही हीच स्पष्टता ठेवावी. २०१९ च्या महापुरात सांगलीत ट्रकच्या ट्रक भरून कपडे आले, त्यांतले कितीतरी वापरण्याजोगे नव्हते. आपल्याला काय हवे आणि काय नको, हे नम्रपणे पण लेखी सांगण्यात काही गैर नाही.

पावती

निधीसंकलनात आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद पावती हा आहे. चांगल्या पावतीवर छापील अनुक्रमांक, संस्थेचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि ८०-जी मान्यतेचा, म्हणजे देणगीदाराला करात वजावट मिळवून देणाऱ्या मान्यतेचा क्रमांक असतो. शिवाय देणगीदाराचे पूर्ण नाव, पत्ता व पॅन, रक्कम अंकी व अक्षरी, रक्कम कशी मिळाली याची नोंद आणि देणगीचा उद्देश यांसाठी जागा असते. उद्देशाचा रकाना सहसा कोरा सोडला जातो, तो सोडू नये. देणगीदाराने रक्कम कायम निधीसाठी, म्हणजे खर्च न करता जपून ठेवायच्या मुदलासाठी दिली असेल तर तसे त्याचे लेखी पत्र घ्यावे, कारण त्या पत्राशिवाय ती रक्कम त्या वर्षीचे साधे उत्पन्न धरली जाते. पत्र असल्यास ती कायद्याने ठरवून दिलेल्या प्रकारातच वेगळी गुंतवावी लागते. पतसंस्थेचा व्याजदर पाहून कायम निधी तेथे ठेवण्याचा मोह होतो. तसे करण्यापूर्वी आम्हाला जरूर विचारावे.

क्यूआर कोड खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा कधीही लावू नये. कितीही सचोटीचा माणूस असला तरी संस्थेचा पैसा त्याच्या खात्यातून फिरला की हिशेबात आणि लोकांच्या मनात एकाच वेळी शंका येते. देणगीपेटी ठेवायला हरकत नाही. निनावी देणग्या वर्षाच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या मर्यादेत असतील तर त्यांवर वेगळा कर लागत नाही. त्यावरील रकमेवर मात्र ३० टक्के दराने कर आकारला जातो. पेटी दोन विश्वस्तांच्या समक्ष उघडावी आणि मोजलेली रक्कम त्याच दिवशी वहीत लिहावी. ज्या मंडळांची नोंदणी झालेली नाही, त्यांनी पावती पुस्तके छापण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी.

करसवलतीचे आश्वासन जपून द्यावे

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने कलमांचे व फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. येथे सर्वांच्या तोंडी असलेले जुनेच क्रमांक वापरले आहेत. ८०-जी मान्यता असलेल्या सर्वसाधारण धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम देणगीदाराच्या उत्पन्नातून वजा होते, तीही उत्पन्नाशी निगडित मर्यादेत. १०,००० रुपये देणाऱ्याची वजावट ५,००० रुपयांची असते, आणि तो २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्याचा कर उपकरासह १,०४० रुपयांनी कमी होतो. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला आणि वस्तुरूप देणगीला ही वजावट मिळत नाही. नवी करप्रणाली निवडणाऱ्यालाही ती मिळत नाही, आणि आता पुष्कळ पगारदार याच प्रणालीत आहेत. म्हणून ‘देणगी करमुक्त’ असे ठळक अक्षरांत छापून देणगीदाराची निराशा ओढवून घेऊ नये.

वजावट घेणाऱ्या देणगीदाराला केवळ पावती पुरत नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत संस्थेने देणग्यांचे विवरण, म्हणजे १०-बीडी, ऑनलाइन भरावे लागते आणि त्यातून निघालेले १०-बीई प्रमाणपत्र प्रत्येकाला द्यावे लागते. विलंबाला दररोज २०० रुपये शुल्क आहे. त्याहून मोठे नुकसान असे की, प्रमाणपत्र न मिळालेला देणगीदार पुढच्या वर्षी परत येत नाही.

कंपन्या आणि सहकारी संस्था

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. कुपवाड, मिरज, शिरवळ किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला प्रत्येक कारखाना या निकषात बसत नाही. अर्ज करण्यापूर्वी त्याची खात्री करावी. संस्थेकडे १२-ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत देणारी) व ८०-जी या दोन्ही मान्यता, सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठीची) नोंदणी आणि साधारणपणे तीन वर्षांचे त्याच स्वरूपाचे काम असावे लागते. हा पैसा प्रकल्पापुरता असतो, त्यातून कार्यालयाचे भाडे कायमचे भागत नाही, हेही लक्षात घ्यावे.

आपल्या जिल्ह्यांत आणखी एक बाब महत्त्वाची आहे. सहकारी साखर कारखाने, सहकारी बँका आणि पतसंस्था या कंपन्या नाहीत, त्यामुळे त्यांना हे कलम लागू होत नाही आणि ‘सीएसआर निधी मिळावा’ असा त्यांच्याकडे केलेला अर्ज मुळातच चुकीच्या पत्त्यावर जातो. त्यांच्याकडे धर्मादाय निधी असतो आणि नफ्याच्या वाटणीला वार्षिक सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागत असल्याने अर्ज मे-जूनमध्ये पोहोचलेला बरा.

परदेशातील देणग्यांबाबत एवढेच सांगतो की, भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याची शंभर रुपयांची देणगीसुद्धा विदेशी अंशदान (परदेशी देणगी) कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही. तो सख्खा भाऊ असला तरीही नाही. निधीसाठी लकी ड्रॉची कुपने काढण्याचा प्रस्तावही शासनाची परवानगी नसेल तर सभेतच थांबवावा.

देणगी मिळाल्यावर

पहिल्या आठवड्यात आभाराचे पत्र जावे आणि तीन-चार महिन्यांनी कामाची खबर जावी, ज्यात पैसे मागितलेले नसतील. पलंग आला तर त्याचे छायाचित्र, बिलाची प्रत आणि तो कोणत्या गावी दिला गेला हे दोन ओळींत कळवावे. रुग्णाचे नाव किंवा चेहरा दाखवू नये. वर्षाचा जमाखर्च एका पानावर, सोप्या मराठीत छापून प्रत्येक देणगीदाराला, शंभर रुपये देणाऱ्यालासुद्धा, पाठवावा. हे पान तयार करून देण्याचे वेगळे शुल्क आम्ही घेत नाही.

नोंदणी व मान्यतांची मुदत तपासण्यासाठी येताना नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन, १२-ए व ८०-जीचे आदेश, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि चालू पावती पुस्तक सोबत आणावे. ८०-जीच्या आदेशावरील शेवटची तारीख मात्र येण्याची वाट न पाहता आजच काढून पाहावी, कारण मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो.