२१४७४८३६४६
दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लक्ष त्र्याऐंशी हजार सहाशे सेहेचाळीस. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (इ. स. ११५०) गुणोत्तर श्रेढीच्या एका उदाहरणाचे उत्तर. दात्याने याचकांना पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि पुढे रोज दुप्पट, तर महिन्याचे दान किती? तीस दिवसांची बेरीज वरील संख्येइतक्या कवड्या, म्हणजे तेव्हाच्या चलनात १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ कवड्या.

उत्तरापेक्षा रीत मोलाची आहे. दिवससंख्या सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहायचे, विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’. ३०, १५, १४, ७, ६, ३, २, १ असे शून्यापर्यंत उतरायचे. मग उलट चढायचे, ‘गुण’ तेथे दुप्पट आणि ‘वर्ग’ तेथे वर्ग : २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १०७३७४१८२४. यातून एक वजा करून पहिल्या दिवसाच्या दोनने गुणले की झाले. तीस वेळा दुप्पट करण्याचे काम आठ पायऱ्यांत उरकते. या रीतीचे मूळ पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. त्याचा काळ साधारणपणे इ. स. पू. तिसरे ते दुसरे शतक धरतात.

‘लीलावती’वर ‘निसृष्टार्थदूती’ ही टीका लिहिणारे मुनीश्वर (जन्म १६०३) मूळच्या विदर्भातील घराण्यातले. आजोबा बल्लाळ काशीला स्थायिक झाले. मूळ गाव पयोष्णीकाठचे दधिग्राम. पयोष्णी म्हणजे तापी, पूर्णा की पैनगंगा, याविषयी एकमत नाही. पूर्णेचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. दधिग्रामाचे आजचे रूप दहिगाव असणार. मात्र या नावाची गावे वऱ्हाडात एकाहून अधिक असल्याने नेमके स्थान ठरवणे धाडसाचे होईल.

संख्येची व्याप्ती खळ्यावर चांगली कळते. कवड्यांऐवजी ज्वारीचे दाणे घ्यावेत, हजार दाण्यांचे वजन ३० ग्रॅम धरावे. पहिल्या दहा दिवसांचे सगळे दान ६१ ग्रॅम, मुठीत मावणारे. वीस दिवसांचे सुमारे ६३ किलो, पोतेही भरत नाही. तिसाव्या दिवशी एकूण ६४४ क्विंटल. एका बंडीत क्विंटलभराची दहा पोती धरली तर चौसष्ट बंड्या, आणि त्यांतला निम्मा माल एकट्या शेवटच्या दिवसाचा.

दानाच्या संख्येचे अवयव : २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. एक मिळवताच मिळणारी २१४७४८३६४७ ही मात्र मूळ संख्या आहे. ऑयलरने १७७२ मध्ये ते सिद्ध केले. संगणकातील ३२ बिटांच्या चिन्हयुक्त (धन-ऋण दोन्ही मूल्ये घेणाऱ्या) पूर्णांकाची कमाल मर्यादाही तीच. १९७० च्या आरंभापासून (ग्रिनिच वेळेने) सेकंद मोजणारी जुनी संगणकघड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या मर्यादेला पोहोचतील. दानाची संख्या त्याच्या एक सेकंद आधी येऊन जाईल.