ग्रँट संपते, ओढा अजून गढूळच

एक हेक्टर जमिनीवर १ मिमी पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी झालं. म्हणजे एका दमदार सरीत २५ मिमी पडला तर अडीच लाख लिटर, आणि डोंगर उघडाबोडका असेल तर त्यातलं बरंचसं माती घेऊन सुसाट खाली. जेवढ्या परिसरातलं पाणी असं उताराने एकाच ओढ्याला नाहीतर नदीला येऊन मिळतं तो सगळा परिसर म्हणजे पाणलोट. म्हणूनच माती-पाणी अडवायचं काम माथा ते पायथा करायचं असतं, आधी वर चर, गवत, झाडं, मग खाली बांध. उलटं केलं की बांध गाळाने भरून जातो, पण काय आहे ना, बांधाचा फोटो छान येतो आणि गवताचा येत नाही, त्यामुळे ग्रँटचा, म्हणजे या कामासाठीच्या अनुदानाचा, अर्ज लिहायला बसलं की सगळ्यांना बांधच आठवतो.

आता पैशाचं. अमेरिकेच्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टमध्ये १९८७ साली कलम ३१९ आलं. शेतं, गोठे, रस्ते असं जिकडून तिकडून वाहून येणारं प्रदूषण थांबवायला राज्यांना ग्रँट मिळते आणि पुढे ती स्थानिक गटांपर्यंत जाते. केंद्राचा वाटा जास्तीत जास्त ६०%, बाकीचे ४० इकडूनच उभे करायचे. पण ते सगळे रोखच हवेत असं नाही, लोकांनी फुकट केलेल्या कामाचे तास पण पैशात धरता येतात, म्हणजे आपलं श्रमदानच की! फक्त हजेरी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायची, नंतर आठवून आठवून भरलेले तास ऑडिटमध्ये टिकत नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. ग्रँट असते दोन-तीन वर्षांची आणि पाण्याला ते माहीत नसतं. अमेरिकेतल्या चेसापीक खाडीच्या पाणलोटात झऱ्यांच्या पाण्याचं वय, म्हणजे ते जमिनीत जिरून किती वर्षं झाली ते, काढलं तर काही अगदी ताजं, काही ५० वर्षांहून जुनं, मध्यक, म्हणजे बरोबर मधलं वय, साधारण १० वर्षं निघाला. म्हणजे आज शेतात खत कमी टाकलं तरी पूर्वी जिरलेलं खतातलं नायट्रेट जमिनीखालून हळूहळू येतच राहणार, आणि शेवटच्या रिपोर्टमध्ये बिचारे लिहिणार की फरक दिसत नाही.

मग काम फुकट गेलं का? ते कळायला शेजारशेजारचे दोन सारखे ओढे घेतात, आधी दोन्हीकडचं पाणी मोजतात, मग एकावरच काम करतात आणि दुसरा तसाच ठेवतात, म्हणजे यंदा पाऊसच कमी म्हणून गाळ कमी आला की कामामुळे, ते वेगळं काढता येतं. पण ही आधीची मोजणी काम सुरू व्हायच्या आधी करायची असते, आणि तेव्हा ग्रँटचा पत्ता नसतो. शिवाय त्या दुसऱ्या ओढ्यावरच्या लोकांना 'तुमच्याकडे काही करणार नाही, नुसतं पाणी मोजून जाणार' हे सांगायला कोण जाणार?